उन्हाचे चित्र

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरातल्या भिंती उघड्या पडतात. वर्षभर ज्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहिलेले नसते त्या तसबिरी एकेक करून खाली उतरतात, ओल्या फडक्याने पुसल्या जातात आणि पुन्हा आपापल्या खिळ्याला जाऊन लटकतात. या कामाची आमच्याकडे पक्की वाटणी आहे. स्टुलावर चढायचे मी, पुसायचे आईने, आणि तसबीर सरळ लागली की नाही हे दारात उभे राहून सांगायचे माझ्या पत्नीने. "डावी बाजू जरा खाली," असे ती सांगते. मी खाली घेतो. "आता फार झाली," असे ती म्हणते. घरोघरी हेच चालते, तेव्हा त्याविषयी अधिक लिहीत नाही.

लिहायचे आहे ते यांतल्या एका तसबिरीविषयी. डोंबिवलीच्या आमच्या बाहेरच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीच्या बरोबर समोर, ती गेली पस्तीस-छत्तीस वर्षे लटकते आहे. ती देवाची नाही आणि पूर्वजांचीही नाही. ते एका परदेशी कॅलेंडरचे पान आहे. शेजारचे एक गृहस्थ बोटीवर नोकरीला होते. त्यांनी १९८७ सालचे एक कॅलेंडर बाबांना आणून दिले. बाबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, आणि ड्रॉइंग मास्तरला चित्रांचे कॅलेंडर द्यावे इतके तारतम्य त्या काळी शेजाऱ्यांत असे. वर्ष संपल्यावर बाबांनी जानेवारीचे पान नीट कापून फ्रेमवाल्याकडे दिले. उरलेल्या अकरा पानांची आम्हां भावंडांच्या वह्यांना कव्हरे झाली.

चित्र अगदी साधे आहे. सगळीकडे बर्फ पडलेला. चित्राच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक काटक्या विणून केलेले कुंपण गेले आहे. कुंपणाच्या माथ्यावर बर्फाचा थर. मागे बर्फाने वाकलेली झाडे आणि शेतावरचे एक घर. डाव्या हाताला शिडीसारखे एक लाकडी फाटक, आणि त्या फाटकाच्या वरच्या दांडीवर एकच एक काळा-पांढरा पक्षी बसलेला. माणूस औषधालाही नाही.

आम्ही मुले त्याला 'कावळ्याचे चित्र' म्हणत असू. तो कावळा नव्हे, मॅगपाय नावाचा युरोपातला पक्षी, हे मागाहून कळले. तरी आम्ही फारसे चुकलो नव्हतो. मॅगपाय हा कावळ्याच्याच कुळातला, आपल्याकडच्या टकाचोराचा भाऊबंद. बाबा मात्र त्याला 'उन्हाचे चित्र' म्हणत. "उन्हाच्या चित्रावरची धूळ पुसली का रे?" असे ते विचारीत आणि आम्ही एकमेकांकडे पाहून हसत असू. कारण माझ्या आठवणीत ते चित्र जेव्हापासून आहे, तेव्हापासून ते या कडेपासून त्या कडेपर्यंत निळे आहे. बर्फ निळा, घर निळे, आभाळ निळे. पाहता पाहता अंगावर शहारा यावा असे गार. बर्फाच्या चित्राला ऊन म्हणायचे, ही बाबांची काहीतरी मास्तरी थट्टा असावी, असे मी धरून चाललो.

मी मोठा झालो, मराठी घेऊन एम. ए. झालो, कॉलेजात शिकवू लागलो. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. त्याला जिथे तिथे प्रतीके दिसू लागतात. निवृत्तीनंतर बाबा रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन आरामखुर्चीत त्या चित्रासमोर बसत. मी ते पाहिले आणि माझ्यापुरता अर्थ लावून टाकला. बाबांना जे. जे. स्कूलमध्ये जायचे होते, घरच्या परिस्थितीमुळे जाता आले नाही. तीस वर्षे मुलांकडून तांब्या आणि केळ्यांचा घड काढून घेण्यात गेली. तो गोठलेला बर्फ म्हणजे त्यांचे आयुष्य, आणि तो एकटा पक्षी म्हणजे ते स्वतः! इतका चपखल अर्थ हाती लागल्यावर, तो खरा आहे की नाही हे विचारायचे कुणी?

२०१६ साली बाबा गेले. त्यांच्या शाळेत शोकसभा झाली. तिथे मी हेच बोललो. त्या निळ्या चित्राचे, त्या पक्ष्याच्या एकटेपणाचे, बाबांनी मनात दाबून ठेवलेल्या उदासीचे वर्णन केले. भाषण चांगले झाले असावे, कारण पुढच्या रांगेतल्या दोन शिक्षिकांनी डोळ्यांना पदर लावला. घरी परतताना आई फक्त एवढेच म्हणाली, "बरं बोललास." मला ती शाबासकी वाटली.

गेल्या जानेवारीत धाकट्या बहिणीकडे पॅरिसला जाण्याचा योग आला. बाबांचे चित्र त्याच शहरात आहे हे मला ठाऊक होते. सेन नदीच्या काठी ओर्से नावाचे एक जुने रेल्वे स्टेशन आहे. १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी ते बांधले आणि १९८६ साली त्याचे चित्रसंग्रहालय झाले. तिथे मी गेलो तो मनात एक कर्तव्य धरूनच. बाबांना जे पाहता आले नाही ते त्यांच्या वतीने पाहावे, हात जोडावेत आणि परत यावे.

मी दालनात शिरलो आणि चित्र शोधू लागलो. वाचकहो, गंमत अशी की ते समोर असून मला ओळखू आले नाही. मी निळे चित्र शोधत होतो. समोरच्या भिंतीवर जे होते त्यात कोवळे ऊन पडले होते.

आभाळ निळे नव्हतेच. साईचा असतो तसा पिवळसर, उबदार रंग त्याला होता. बर्फावर कुठे लोण्याची, कुठे फिक्या गुलाबी रंगाची झाक होती. सूर्य चित्रात दिसत नाही, पण तो कुंपणाच्या पलीकडे आहे, कारण कुंपणाची सावली अलीकडे, पाहणाऱ्याच्या पायांकडे पसरली आहे. निळे काय ते फक्त या सावलीत. निळे आणि किंचित जांभळे. थंडीच्या सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मधून जाताना जसे एकाएकी प्रसन्न वाटते, तसे ते चित्र होते. उदासीचा त्यात मागमूस नव्हता.

मी तिथे तासभर होतो. पहिल्यांदा दहा पावलांवरून पाहिले, मग पाच, मग अगदी जवळून. आणि जवळ गेल्यावर दुसरा धक्का बसला. बर्फ नाहीसाच झाला! उरला तो नुसता रंग. जाड, ओढलेला, थापलेला, कुठे दाट तर कुठे विरळ. कुंपणाच्या माथ्यावरच्या बर्फाला तर चांगला उंचवटा आहे. पोळीवर लोणी फासताना चमच्याच्या कडेने जशी कड उमटते तशा कुंचल्याच्या कडा त्यावर उमटल्या आहेत. पुढच्या मोकळ्या जमिनीवर फटकारे लांब आणि आडवे, झाडांच्या फांद्यांवर तेच आखूड आणि तुटक. रखवालदार दुसरीकडे पाहत आहे असे पाहून मी हळूच बाजूला सरकलो आणि भिंतीला गाल लावल्यासारखे करून तिरक्या नजरेने पाहिले. सपाट वाटणारे चित्र एकदम नांगरलेल्या शेतासारखे दिसू लागले. रखवालदार खाकरला. मी सभ्य माणसासारखा मागे आलो, आणि पाच पावले मागे येताच त्या सगळ्या ओरखड्यांचा पुन्हा मऊ, नुकताच पडलेला बर्फ झाला.

याला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे : पोत. हा शब्द चित्रकारांचा नव्हे, कापडाच्या दुकानातला. आई लुगडे घ्यायला गेली की आधी रंग पाहत नसे. पदराचे टोक अंगठा आणि तर्जनीच्या मधे धरून चोळून पाही आणि मगच "याचा पोत बरा आहे" म्हणे. चित्राला हात लावायची सोय नसते, म्हणून बोटांचे काम डोळ्यांना करावे लागते. तैलरंगात हे साधते, याचे कारण त्या रंगाच्या प्रकृतीत आहे. पाण्यातला रंग वाळतो म्हणजे त्यातले पाणी उडून जाते आणि रंग कागदावर बसतो. तैलरंगातले जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. म्हणून कुंचल्याची कड उमटली ती उमटली. दीडशे वर्षांपूर्वी चित्रकाराचा हात कुठे वेगाने फिरला आणि कुठे रेंगाळला, ते तसेच्या तसे तिथे राहिले आहे. छापलेल्या पानावर हे काहीच येत नाही. तिथे बर्फ आणि आभाळ यांचा पोत एकच, गुळगुळीत कागदाचा.

हे चित्र क्लोद मोने याने १८६८-६९ च्या हिवाळ्यात, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या एत्रेता गावी असताना काढले. रुंदी १३० सेंटिमीटर, उंची ८९. म्हणजे आपल्या चार माणसांच्या जेवणाच्या टेबलाएवढे. मोने तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. १८६८ च्याच उन्हाळ्यात पैशांअभावी त्याला एका खाणावळीतून बाहेर काढले होते. पण हिवाळ्यात एका आश्रयदात्याच्या मदतीने त्याला डोक्यावर छप्पर मिळाले. कामीय आणि लहानगा मुलगा जवळ होते. बाझीय या चित्रकार मित्राला त्याने डिसेंबरात लिहिलेल्या पत्रात समाधान ओसंडते आहे. घरात चूल पेटलेली आहे, मूल खेळते आहे, आणि बाहेर बर्फावर ऊन पडले आहे. चित्रातल्या प्रसन्नपणाचा उगम शोधायला फार लांब जायला नको.

मोनेने ते १८६९ च्या सालोनकडे, म्हणजे पॅरिसच्या वार्षिक सरकारी प्रदर्शनाकडे पाठवले. परीक्षकांनी ते नाकारले. त्या काळच्या रीतीप्रमाणे सावली म्हणजे काळपट किंवा तपकिरी. निळी-जांभळी सावली त्या मंडळींच्या डोळ्यांना मानवणारी नव्हती. कूर्बे हा त्याच काळातला मोठा चित्रकार सुरीने रंग थापून दणकट बर्फ उभा करी; मोनेने त्याच बर्फात उजेड भरला.

आता सावली निळी कशी, असे तुम्हीही विचाराल. बर्फाला स्वतःचा रंग नसतो. बारीक पारदर्शक स्फटिकांचा तो ढीग. जो उजेड पडेल तो सगळाच्या सगळा परत टाकतो, म्हणून पांढरा दिसतो. उन्हातल्या बर्फावर सूर्याचा पिवळसर उजेड पडतो. सावलीत तो पोहोचत नाही. तिथे उजेड येतो तो वरच्या निळ्या आकाशाचा. मग सावली निळी न दिसेल तर काय होईल? खात्री करायला नॉर्मंडीला जायचे कारण नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी गच्चीवर एक पांढरा कागद उन्हात ठेवा, त्यावर पेन्सिल उभी धरा आणि सावलीकडे मन लावून पाहा. आभाळ निरभ्र असेल तर निळसर झाक दिसेल. रोज डोळ्यांसमोर असते, पण 'सावली काळी' हे आपण शाळेत पाठ केलेले असते, म्हणून दिसत नाही.

आणि त्या सावल्या इतक्या लांब का, तेही सांगतो. एत्रेता विषुववृत्तापासून जवळजवळ पन्नास अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या वर सतराच अंश येतो. आपल्या मुंबईत त्याच दिवशी तो सत्तेचाळीस अंशांवर असतो. एक मीटर उंचीच्या काठीची दुपारची सावली मुंबईत मीटरभरही भरत नाही. तिथे ती सव्वातीन मीटर होते. तिथला हिवाळ्यातला दिवस म्हणजे दिवसभर चालणारी सकाळच. त्या आडव्या उन्हानेच बर्फाचा खालीवरपणा उठून दिसतो, जसा दिवा जमिनीलगत ठेवला की रांगोळीचा प्रत्येक कण दिसतो.

यावरून बर्फाचे चित्र म्हणजे प्रसन्नच असायचे, असा दुसरा गैरसमज मात्र करून घेऊ नका. व्हिएन्नाच्या संग्रहालयात ब्रॉयगेलचे १५६५ सालचे एक प्रसिद्ध चित्र आहे. शिकारी बर्फातून गावाकडे परत येत आहेत. त्यांच्या पाठी वाकल्या आहेत, कुत्र्यांच्या माना खाली आहेत, आणि शिकार मिळाली ती एका कोल्ह्याची. आभाळ हिरवट करडे, आणि खालची गोठलेली तळीही त्याच रंगाची. उन्हाचा कण नाही. रंग ओकच्या फळीवर पातळ आणि गुळगुळीत लावलेला. बर्फ तोच, पण पाहणाऱ्याच्या पोटात थंडी शिरते. म्हणजे चित्राची भाववृत्ती विषयात नसते. कोणता रंग कशाशेजारी ठेवला आणि तो कसा लावला, यात ती असते. एक पिवळा काढून घ्या, की आनंदाचे चित्र शोकाचे होते.

आमच्या घरी नेमके तेच झाले होते. पॅरिसहून परतल्यावर मी आमच्या कॉलेजचे वार्षिक छापणाऱ्या छापखानदारांना विचारले. ते हसले. म्हणाले, "सर, रंगीत छपाईत चार शाया असतात. निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. उन्हात पिवळी आणि किरमिजी लवकर उडतात. निळी आणि काळी मागे राहतात. तुम्ही ते पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलंत, मग दुसरं काय होणार?"

म्हणजे बाबांनी लावले ते चित्र निराळे होते आणि मी पाहत मोठा झालो ते निराळे. त्यांनी लावले तेव्हा त्यात पिवळे आभाळ होते, गुलाबी बर्फ होता. डोंबिवलीच्या उन्हाने त्या चित्रातले ऊन दिवसादिवसाने पुसून नेले. बाबांना शेवटपर्यंत ते दिसत राहिले असले पाहिजे, कारण त्यांनी ते आधी पाहिले होते. मला ते कधी दिसलेच नव्हते. आणि शाईच्या या दोषावरून मी एका माणसाच्या स्वभावाचे निदान केले, ते चारचौघांत वाचून दाखवले आणि दोन बायकांना रडवले.

ओर्सेच्या पायऱ्यांवर उभा राहूनच मी आईला फोन लावला होता. म्हटले, "आई, ते खरोखरच उन्हाचं चित्र आहे गं."

"मग?" आई म्हणाली. "ते काय तुला आत्ता कळलं?"

"तू त्या दिवशी शाळेत काही बोलली का नाहीस? बाबा उदास नव्हते ना?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, ते त्या चित्रासमोर बसायचे ते मुलांच्या गमती सांगायला. आज कोणी हत्तीला पाच पाय काढले, कोणी सूर्याला मिशा काढल्या. निवृत्त झाले तरी त्यांच्या गोष्टी संपल्या नव्हत्या. तू तेव्हा आतल्या खोलीत पेपर तपासत बसलेला असायचास."

यंदा दसऱ्याआधीच आम्ही साफसफाई काढली. तसबीर उतरवताना मागचा पुठ्ठा सुटला होता, म्हणून मी ती पहिल्यांदाच उघडली. पान बाहेर काढले, आणि तसाच स्टुलावर बसून राहिलो. चारी कडांना, लाकडी पट्टीखाली झाकलेला, अर्ध्या बोटाएवढा कागद उन्हापासून वाचला होता. वरच्या कडेला साईसारखे पिवळसर आभाळ. खालच्या कडेला फिका गुलाबी बर्फ. इतकी वर्षे घरातच, आमच्या डोक्यावर. आई पुसायचे फडके हातात घेऊन वाकून पाहत होती. ती म्हणाली, "काखेत कळसा आणि पॅरिसला वळसा."

संग्रहालयातून आणलेली नवी प्रत मी फ्रेम करून आणली आहे. ती आता उत्तरेच्या भिंतीवर, ऊन लागणार नाही अशा जागी आहे. जुने पान टाकवले नाही. फ्रेमवाल्याला सांगून त्याला जरा मोठी चौकट घातली, म्हणजे ती वाचलेली पिवळी कड आता सगळ्यांना दिसते. दोन्ही तसबिरी शेजारी शेजारी लावल्या आहेत.

आमच्या पत्नीच्या मते नवी तसबीर डावीकडे किंचित वर आहे. उद्या स्टूल पुन्हा काढायचे आहे.